पाच वाट्या पालथ्या

काटा सात किलो नऊशेवर थांबला आणि झोळीतल्या आर्वीची मान एका बाजूला पडली. मी आधी काट्याकडं बघितलं, पोरीकडं नंतर. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं तसं लिहिते.

आमच्या अंगणवाडीच्या सेविका बाई वहीवर पेन टेकवून विचारत होत्या, "मालनताई, किती?"

"सात नऊशे," मी म्हटलं. मग म्हटलं, "बाई, वही ठेवा. पोरगी बघा."

छताच्या हुकाला काटा, काट्याला झोळी आणि झोळीत सव्वादोन वर्षांची पोरगी. डोळे अर्धे उघडे आणि आत नुसतं पांढरं. पोटाची कातडी मी चिमटीत धरली तर सोडल्यावर तशीच उभी राहिली. हातपाय गार. झोळीतून पिवळं पाणी गळून माझ्या पायावर पडत होतं आणि त्याला वास होता तुपाचा.

तिची आजी हौसाबाई दारातच उभी होती. "मालन, काय केलंस गं माझ्या पोरीला?"

तिनं ते घाबरून विचारलं. पण केलं होतं मीच. ते तिला तेव्हा माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

कसबा बावड्याच्या त्या गल्लीत सकाळी साडेनऊला रिक्षा मिळत नाही. दुधाचा टेम्पो मात्र घड्याळ लावून येतो. आर्वीचे आबा, म्हणजे हौसाबाईचा नवरा, एकेकाळचा पैलवान. सत्तरी उलटलेला, कान फुटलेले, गुडघे गेलेले. तो धोतर सावरत रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. टेम्पोवाला ब्रेक मारून ओरडला, "आबा, सरका की! दूध नासंल!"

"नासू दे! हितं पोरगी नासाय लागली!"

आबा पुढं बसला. मागं कॅनच्या मधल्या जागेत मी, हौसाबाई आणि आर्वीला मांडीवर घेऊन तिची आई पल्लवी. बाईंनी साखरमिठाचं पाणी पेल्यात करून माझ्या हातात दिलं होतं. टेम्पो उडत होता, मी चमच्यानं थेंब थेंब पोरीच्या ओठात सोडत होते, निम्मं तिच्या गळ्यावर सांडत होतं. आमच्या पायाशी कॅनमध्ये दूध हिंदकळत होतं. त्यातलं आठ लिटर त्याच घरचं.

आता थोडं माझ्या कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी अंगणवाडीची मदतनीस. शिकलेली चौथी. सेविका वही लिहिते, मोबाइल भरते, मीटिंगला जाते. मदतनीस झाडते, घरोघर फिरून पोरं गोळा करते, खिचडी शिजवते, शेंबूड पुसते, चड्ड्या बदलते आणि महिन्यातून एकदा वजनाच्या दिवशी रडणारं पोर झोळीत घालते. रडणारं पोर झोळीत घालणं म्हणजे मांजराला पिशवीत घालणं. वीस वर्षं केलं. माझ्या मनगटावर चावे आहेत, कुणाचा कुठला ते अजून सांगते.

उंची मोजायची फळी वेगळी. दोन वर्षांखालच्या पोराला फळीवर आडवं झोपवतात, डोकं एका टोकाला टेकवतात, गुडघे दाबून धरतात आणि पायाकडची पाटी सरकवतात. ते बघून आजीबाया खवळतात. "तिरडीवर घातल्यागत काय घालाल्यासा?" असं मला किमान शंभर आज्यांनी विचारलं असेल. दोनच्या पुढचं पोर उभं करून मोजतात. तेव्हा आज्या म्हणतात, मोजलं की वाढ थांबते. मी म्हणायची, थांबलीय म्हणूनच मोजालोय.

लुकडं पोर आंधळ्यालाही कळतं. बरगड्या दिसतात, शेजारीपाजारी बोलतात. खुजं पोर कळत नाही. ते वयापेक्षा लहान दिसतं, बास. हातपाय ठीक, गाल ठीक, पण अडीच वर्षांचं पोर दीड वर्षाचं वाटतं आणि लोक फसतात. आर्वीचं तेच झालं होतं. एवढीशी पोरगी "आबा, चा दे" असं अख्खं वाक्य बोलते म्हणून घरादाराला कौतुक. पावणे आले की हौसाबाई तिला पुढं ढकलायची. "एवढुशी हाय, पर तोंड बघा!" तोंड वयाचंच होतं. अंग मागं राहिलं होतं. हुशारबिशार काही नव्हती. आता सात वर्षांची आहे, दोनाचा पाढा अजून चौदावर अडतो.

तुम्हाला वाटत असेल, घरात दाणा नसेल. तसं काही नव्हतं. दोन मजली घर, उसाचं रान, तीन म्हशी. सहा माणसं. आबा आणि हौसाबाई. थोरला मुलगा, तो लांब नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा, त्याची बायको सुरेखा घरात. धाकटा सचिन, फाउंड्रीत पाळीवर जाणारा, आणि त्याची बायको पल्लवी. ही एक पोरगी सगळ्यांची लाडकी. सुरेखाचे दोन मुलगे वसतिगृहात, त्यामुळं तिचाही जीव हिच्यावरच.

मी एकदा त्या घरात सकाळपासून बसले. शेंगा फोडायला मदत करते असं सांगून बसले, खरं तर बघायला बसले. सकाळी सातला आर्वीनं चहात बुडवून दोन बटर खाल्ले. दूध सगळं डेअरीला, घरात राहतं ते चहापुरतं. नऊला आबाच्या ताटातला एक घास. तिखट लागला, तांब्याभर पाणी प्याली. दहाला सुरेखाच्या हातची अर्धी चपाती, त्यातली पाव कोंबडीनं नेली. बाराला हौसाबाईच्या ताटात बसली, आमटीत बोट घातलं, परत पाणी. पाण्यानंच पोट फुगलं. दोनला झोपली. पल्लवी सगळ्यांच्या मागून जेवायला बसते. ती बसली तेव्हा पोरगी झोपेत.

मी एकेकीला विचारलं, पोरगी जेवली? पल्लवी म्हणाली, "आत्यांनी घातलं की." हौसाबाई म्हणाली, "आई हाय की तिची." सुरेखा म्हणाली, "आबांच्या संगं खाती ती." आबा म्हणाला, "दिवसभर खातच असती पोरगी!" खोटं कुणीच बोलत नव्हतं.

आमच्याकडून पोराला घरी न्यायला कोरड्या आहाराची पाकिटं मिळतात. पाणी घालून शिजवलं की शिरा होतो. त्या घरातली पाकिटं कुठं जातात ते गोठ्यात कळलं. आबानं न लाजता सांगितलं, "म्हशीला मानवतंय की. फ्यॅट वाढलंय." म्हैस खरंच तुकतुकीत दिसत होती.

मग अंगणवाडीतली खिचडी तरी? ती मी शिजवायची. माझं घर बुद्धविहाराच्या अंगाला, आणि हौसाबाईच्या घरातलं पोर माझ्या हातचं खात नव्हतं. पोरगी यायची, गाणी म्हणायची, ताट वाढायच्या आधी हौसाबाई दारात हजर. "घरात केलंय सगळं." भांडण कधी झालं नाही. त्या गोष्टीवर आमच्याकडं भांडण होत नाही, नुसतं पोर उचलून नेतात.

बाईंनी गृहभेटी केल्या. चित्रांचा तक्ता उघडून वाचून दाखवला. तक्त्यावर सफरचंद, द्राक्षं आणि कुठली तरी हिरवी फुलकोबी. घरच्यांनी हात जोडून ऐकलं, पोथी ऐकल्यागत. मग चहा दिला आणि बाईंना फाटकापर्यंत सोडलं. पोरगी लाल रंगातच राहिली. आमच्या वहीत हिरवं पोर म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे धोका. आणि लाल पोर म्हणजे वरच्या मॅडमचा फोन.

तेव्हा मी म्हटलं, बाई, तुमचा तक्ता राहू दे. हे घर मला माहीत आहे.

मी काय केलं ते आता सांगते. अभिमानानं केलं होतं, म्हणून अभिमान होता तसाच सांगते.

सोमवारी हौसाबाईला विहिरीपाशी एकटी गाठली. म्हटलं, "हौसाक्का, तुमच्या सुनांना पोरीचं काय पडलेलं न्हाय. ही पोरगी जगली तर तुमच्या हातानं जगंल. दुपारी गपचूप तूपभात घाला. सुनांना कळू देऊ नगासा, त्यांना वाटंल आम्हाला नावं ठेवली." हौसाबाईचे डोळे चमकले. सुनांना कळू न देता काही करायचं म्हटल्यावर तिनं विहिरीत पण उडी मारली असती.

मंगळवारी सुरेखाला म्हटलं, "तुझी दोन पोरं कशी गुटगुटीत वाढवलीस. पल्लवीला कुठलं जमायला. रोज तिच्या नकळत शिकरण देत जा."

त्याच दिवशी पल्लवीला म्हटलं, "पाकिटाचा शिरा कर, माडीवर नेऊन घाल. खाली आणलंस की म्हस खाईल."

आबाला गोठ्यात गाठलं. "आबा, बायकांचं काय खरं न्हाय. पोरगीला पैलवानाच्या नजरंनं बघा." आबा छाती फुगवून म्हणाला, "खुराक सुरू करतो."

सचिनला फाटकावर म्हटलं, "बाप हायस न्हवं? कामावरनं येताना अंडी आण."

किती घाला, कसं घाला, हे कुणालाच सांगितलं नाही. "पोटभर" एवढंच म्हटलं. पाच माणसांना पाच गुपितं देऊन मी घरी आले आणि भाकरी थापताना हसत होते. मला त्यात मजा वाटत होती, हे कबूल करते. आयुष्यभर त्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि आता आतली पाच माणसं माझ्या तालावर चालली होती.

बुधवारी आर्वीच्या हनुवटीला तूप लागलेलं होतं. गुरुवारी तिच्या फ्रॉकला केळ्याचा वास. मी बाईंना डोळा मारला. शुक्रवारी ती आलीच नाही, पल्लवी म्हणाली झोपलीय. शनिवारी वजन होतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर मुलगी होती, माझ्या नातीच्या वयाची. तिनं आर्वीला बघितलं, पुढचा अर्धा तास आमच्याकडं बघितलंच नाही. सुई लागेना, शीर सापडेना, शेवटी डोक्याला लावली. तोवर सुरेखा आणि सचिन मोटारसायकलवरून पोचले. मग डॉक्टर कागद घेऊन आली.

"काल सकाळपासून बाळानं काय काय खाल्लं? आणि जुलाब किती वेळा?"

पल्लवी हळूच म्हणाली, "दोनदा झाले. शिरा दिलता मी. मला वाटलं शिऱ्यानं झालं, म्हणून कुणाला बोलले न्हाय."

"दोनदा?" हौसाबाई म्हणाली. "आगं माझ्यापाशी तीनदा झालंय! दुपारी तूपभात घातला, मागनं लगेच. मीच धुतलं सगळं."

"तूपभात?" सुरेखा म्हणाली. "कवा घातलासा? मी तर शिकरण दिलतं दुपारी. मग परसात नेऊन बसवली, चारदा झाली. म्हटलं कशाला सांगा, नावं ठेवतील."

सचिन खाली बघत म्हणाला, "अंडी दिली मी. दोन. नंतर वकली ती. न्हाणीत धुऊन टाकलं."

डॉक्टरचं पेन थांबलं होतं. आबा घसा खाकरून म्हणाला, "डॉक्टरीण बाई, पोरगीला सकाळी धारोष्ण दूध, वाटलेले बदाम, थोडी खसखस. लई न्हाय, अर्धा तांब्या."

"एका दिवसात? हे सगळं?"

"चार दिस झालं की," आबा म्हणाला.

तिनं कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "हे असं घालायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

पाच बोटं माझ्याकडं वळली. आणि मग प्रत्येकाला दुसऱ्याचं बोट दिसलं.

"तुला बी सांगितलं?" हौसाबाई सुरेखाला म्हणाली.

"तुमाला बी?"

"मला म्हणाली सुनांना पडलेलं न्हाय!"

"मला म्हणाली पल्लवीला जमत न्हाय!"

"मला म्हणाली बायकांचं काय खरं न्हाय," आबा म्हणाला, आणि त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

हौसाबाईनं पायातली चप्पल काढली. "भवाने, मारलीस गं पोरगी!" सचिननं तिला धरलं. नर्स ओरडली, हा दवाखाना आहे. मी भिंतीला टेकून उभी राहिले. चप्पल लागली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर मला बाजूला घेऊन गेली. ओरडली नाही, त्याचंच जास्त लागलं. "मावशी, बरेच दिवस अर्धपोटी राहिलेल्या पोराचं शरीर सगळं मंद करून बसलेलं असतं. त्याला एकदम जड अन्न दिलं की पेलत नाही. थोडं थोडं, मोजून, दर दोन तासांनी सुरू करायचं असतं. कच्चं दूध तर मुळीच नाही. तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलं नाही?"

"प्रशिक्षण बाईंना असतं," मी म्हटलं. "मी तिथं चहा दिला."

ते खरं होतं. दारापाशी कप धरून उभी असताना हेच शब्द माझ्या कानावर पडले होते, थोडं थोडं, मोजून. मी कप मोजत होते.

"वाचंल न्हवं?" मी विचारलं.

"दोन दिवस मला काही विचारू नका," ती म्हणाली.

दोन दिवस कुणी विचारलं नाही. घरी कुणी जायलाही तयार नव्हतं. म्हशींना शेजाऱ्यानं बघितलं. हौसाबाई माझ्याशी बोलत नव्हती, पण मला हाकलतही नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी आर्वीनं नर्सचं बोट चावलं. डॉक्टर हसली. तेव्हा मी जिन्यात जाऊन बसले आणि माझा डबा उघडला, दोन दिवस घास घेतला नव्हता. आदल्या दिवशी नातीनं आणून दिलेली भाकरी आणि पिठलं. पायऱ्या उतरत हौसाबाई आली, माझ्या शेजारी बसली, हात लांब करून भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि खाल्ला.

"मीठ जादा झालंय," ती म्हणाली.

"नातीनं केलंय. तिला सांगते."

"सांग." आणि तिनं दुसरा तुकडा मोडला. त्याच्यावर आम्ही दोघी आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही.

मग पंधरा दिवस आम्ही त्या वॉर्डात काढले. अशाच पोरांचा वॉर्ड. सात खाटा, सात पोरं. दर दोन तासांनी मापाच्या कपानं पातळ दूध, चमच्यानं, पोर झोपलं असलं तरी उठवून. हे एकट्या बाईचं काम नाही, हे मी तिथं बघितलं. आर्वीला पाच माणसं होती. पल्लवी दमली की सुरेखा, सुरेखा उठली की हौसाबाई, कामावरून सुटला की सचिन. आबा चमचा धरायला बसायचा तेव्हा पोरीला सांगायचा, "वस्ताद, घे. अजून एक जोर." खिडकीजवळच्या खाटेवर ऊसतोडणीला आलेल्या बाईचं पोर होतं. नवरा फडावर, बाई एकटी. ती चमचा हातात धरून बसल्या जागी डुलायची. सुरेखानं तिच्या दोनतीन पाळ्या घेतल्या.

एकदा डॉक्टरनं सगळ्या घराला समोर उभं करून सांगितलं, "आता घरी गेल्यावर दिवसातून पाचदा, एवढी वाटी, एवढंच. आणि कुणी काय दिलं ते सगळ्यांना माहीत पाहिजे. लपवालपवी नको." माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही पण."

लक्षात कसं ठेवायचं, यावर त्या घरात महायुद्ध झालं. सचिन म्हणाला मोबाइलवर ग्रुप करू. हौसाबाई म्हणाली माझ्याकडं मोबाइल न्हाय, म्हणजे मला वगळायचा डाव हाय. शेवटी आबा म्हणाला, "तालमीत जोर मोजायला आम्ही खडं ठिवायचो. एक फेरी झाली की एक खडा ह्या बाजूचा त्या बाजूला. चुकत न्हाय कुणी."

मी म्हटलं, "खडे पोरगी गिळंल. वाट्या ठेवा."

सोप्यात, म्हणजे दारातून आत आलं की लागतो त्या पुढच्या खणात, येताजाता सगळ्यांना दिसेल अशा कट्ट्यावर, स्टीलच्या पाच वाट्या एका ओळीत उताण्या. जो पोरीला घालेल त्यानं सगळ्यांच्या समोर घालायचं आणि एक वाटी पालथी करायची. पाची पालथ्या झाल्या की कुणीही काही द्यायचं नाही, आबानं सुद्धा. पहिली धार काढली की लोटाभर दूध बाजूला, ते तापवून तिच्यासाठी, मग बाकीचं डेअरीला. डेअरीवर विचारलं, "आबा, माप कमी कसं?" आबा म्हणाला, "घरात गिऱ्हाईक लागलंय."

पहिल्याच सोमवारी घात झाला. सुरेखानं सकाळी भांडी घासली, त्यात वाट्याही घासल्या आणि आपण सगळ्या बायका करतो तसं निथळायला कट्ट्यावर पालथ्या घातल्या. पाचीच्या पाची. हौसाबाईनं बघितलं, म्हणाली, झालं वाटतं सगळं. पल्लवीनं बघितलं, म्हणाली, आज लवकर झालं. आबानं बघितलं, रागावला, की आज माझी पाळी कुणी चोरली. बारा वाजले. मी अंगणवाडी उरकून चौकशीला गेले तर आर्वी सोप्यात फतकल मारून बसलेली. तिनं एक वाटी ओढून उताणी केली होती आणि तिच्यावर चमचा बडवत होती.

"भूक," ती म्हणाली.

तेवढं एकच हुशारीचं काम मी तिच्या हातून बघितलं. मग सगळ्यांची पळापळ, आणि सगळे एकाच वेळी वाढायला निघाले. मी मधे आडवी आले. "एक! एकच माणूस!" हौसाबाईनं कण्या शिजवल्या, मुगाची डाळ घातली, चमचाभर तूप. सगळ्यांच्या समोर घातलं आणि एक वाटी पालथी केली. त्या दिवसापासून वाट्या धुऊन उताण्या ठेवायचं काम हौसाबाईकडं. ती अजून कुणाला हात लावू देत नाही.

आर्वीची उंची भरून आली का, असं बाया मला विचारतात. पूर्ण नाही आली. पहिल्या दोन वर्षांत जे राहून जातं त्यातलं सगळं परत मिळत नाही, डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं. पण फळीवर रेघ दर तिमाहीला वर सरकली, आणि वही लालातून पिवळ्यात आली. शाळेच्या रांगेत ती पुढून दुसरी उभी राहते. पहिला एक मुलगा आहे, त्याला ती बडवते.

अंगणवाडीतही मग काही बदललं. हौसाबाई ताट वाढायच्या वेळी दारात यायची ती यायचीच, पण पोर उचलायची नाही. उंबऱ्यावर बसून माझ्या खिचडीला नावं ठेवायची. गल्लीतल्या दुसऱ्या आज्याही तिच्या मागून यायला लागल्या. आज्यांना नावं ठेवायला जागा मिळाली आणि पोरांना खिचडी. कुठल्या तक्त्यानं एवढं केलं नव्हतं.

मी ते काम सोडून आता दोन वर्षं झाली. दुसऱ्या मदतनीस बाईला मी एवढंच सांगितलं, की घरातल्या एकाला कधी गाठू नको. सगळ्यांना एकत्र बसव, मग बोल. भांडले तर भांडू दे. आणि प्रशिक्षणात चहा द्यायला गेलीस तर कप खाली ठेवून आत बस.

आबा गेल्या वर्षी गेला. म्हातारपणानं गेला, खाटेवर, सकाळचं दूध पिऊन. म्हशींतली तुकतुकीत होती ती अजून आहे.

त्या वॉर्डात त्या पंधरवड्यात सात पोरं होती. खिडकीजवळचं सहाव्या दिवशी गेलं. बाकीची सहा घरी गेली. आर्वी त्या सहांतली.